एका सिमकार्डापुरता न्याय

२०१९ च्या जून महिन्यात सुदानमधल्या एका वकिलाने आपल्या मोबाइल कंपनीविरुद्धचा दावा जिंकला. पुढे जे घडले ते पहिल्यांदा वाचले तेव्हा माझा विश्वासच बसेना. ३ जूनला राजधानी खार्तुममध्ये लष्करी मुख्यालयाबाहेर ठिय्या देऊन बसलेल्या निदर्शकांवर सशस्त्र जवान तुटून पडले. शंभरावर माणसे मारली गेली आणि लष्करी राजवटीने देशातले इंटरनेट बंद पाडले. अब्देल-अधीम हसन हे वकील झैन या कंपनीचे ग्राहक. ते न्यायालयात गेले. २३ जूनला न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि कंपनीने तो पाळलाही. मात्र दावा त्यांनी वैयक्तिक नात्याने लावला होता, त्यामुळे नेट सुरू झाले ते फक्त त्यांच्या सिमकार्डावर. सुमारे चार कोटी लोकांच्या देशात न्यायालयाने जोडून दिलेला फोन एकच होता.

हसन पुन्हा न्यायालयात गेले, या वेळी इतर ग्राहकांसाठी. ९ जुलैला उरलेल्या कंपन्यांनाही सेवा सुरू करण्याचा आदेश झाला आणि सुदान पुन्हा जगाशी जोडला गेला. तोवर लष्कर आणि आंदोलक यांच्यातली सत्तावाटपाची बोलणीही मार्गी लागली होती, त्यामुळे सगळे श्रेय न्यायालयाला देता येणार नाही. पण त्या एका सिमकार्डाने एक प्रश्न स्पष्ट मांडून ठेवला. जो मागायला येतो त्यालाच न्यायाधीश देऊ शकतात. मग कोट्यवधींच्या वतीने मागायला कोण येणार? आणि आपल्याच देशातल्या न्यायालयात जायची सोय नसेल, किंवा भीती असेल, तर मागायचे कुठे?

आफ्रिका खंडात या प्रश्नाचे उत्तर गेली दहा-पंधरा वर्षे शोधले जात आहे. इंटरनेट बंद होते ते एका देशात, एका सरकारच्या हुकमावरून. ते परत आणायला मात्र अनेकदा शेजारच्या देशातले न्यायालय, तिसऱ्या देशातला वकील आणि चौथ्या देशात बसून कुणी तपासलेला पुरावा लागतो. चौपन्न देश, कायद्याच्या वेगवेगळ्या पद्धती, इंग्रजी, फ्रेंच, पोर्तुगीज, अरबी, अम्हारिक, स्वाहिली अशा भाषा. एवढ्या पसाऱ्यात ही माणसे एकमेकांना शोधतात कशी आणि नेमके काय करतात, हे जितके वाचत जावे तितके नवल वाढते.

आधी हे नेट बंद करतात तरी कसे? कुठेतरी एक मोठे बटण असावे असे आपल्याला वाटते. तसे बटण नसते. सरकार कंपन्यांना पत्र पाठवते किंवा फोन करते, आणि पुढचे काम कंपन्यांचे तंत्रज्ञ करतात. जगभरातले राउटर एकमेकांना सतत सांगत असतात, की अमुक पत्त्यांकडे जायचे असेल तर माझ्याकडून या. ही घोषणा मागे घेतली की ते पत्ते जगाला दिसेनासे होतात. एसटी आगारात गाडी उभी आहे, रस्ताही शाबूत आहे, पण फलकावरून गावाचे नावच पुसून टाकले, तसे काहीसे. २०११ साली २७ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर इजिप्तने हेच केले. काही मिनिटांत साडेतीन हजारांच्या आसपास मार्ग जागतिक नकाशावरून नाहीसे झाले. अख्खा देश असा उचलून बाजूला ठेवता येतो हे जगाने पहिल्यांदा एवढ्या स्पष्टपणे पाहिले.

आणि तेव्हाच पहिल्यांदा सीमेपलीकडून हातही पुढे आले. इजिप्तमध्ये लँडलाइन चालू होत्या, परदेशी नंबर लागत होते. फ्रान्समधल्या एका छोट्या, सभासदांनी चालवलेल्या इंटरनेट संस्थेने आपले जुने डायल-अप नंबर इजिप्तच्या लोकांसाठी खुले केले. मोडेमचा तो कर्कश आवाज ऐकत कैरोतल्या लोकांनी पॅरिसमार्गे नेट गाठले. गूगल आणि ट्विटर यांनी मिळून अशी सोय केली, की फोनवर बोललेला निरोप ट्वीट म्हणून प्रसिद्ध होईल. मग वेगवेगळ्या देशांतल्या स्वयंसेवकांनी ते अरबी निरोप ऐकून त्यांचे भाषांतर सुरू केले.

बंदी नकाशावरच्या रेषेपाशी थांबते, हे कॅमेरूनमध्ये आणखी ठळकपणे दिसले. हा देश बहुतांशी फ्रेंचभाषक. वायव्य आणि नैर्ऋत्य असे दोनच प्रांत इंग्रजीभाषक. तिथल्या वकिलांनी आणि शिक्षकांनी आंदोलन उभारले तेव्हा १७ जानेवारी २०१७ पासून सरकारने फक्त त्या दोन प्रांतांचे इंटरनेट तोडले, तेही ९३ दिवस. नैर्ऋत्येतले बुएआ हे शहर म्हणजे तरुण संगणक-उद्योजकांचे गाव. ही मुले लॅपटॉप घेऊन प्रांताच्या हद्दीपर्यंत प्रवास करू लागली. हद्दीवरच्या बोनाको गावात त्यांनी एक खोली भाड्याने घेतली आणि पलीकडच्या प्रांताच्या टॉवरची रेंज पकडून कामे उरकली. वायव्येतल्या बामेंडा शहरातल्या एका सतरा वर्षांच्या मुलाने गूगलच्या विद्यार्थी स्पर्धेतले शेवटचे काम पाठवले आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या गावाचे नेट गेले. तो ती स्पर्धा जिंकला. जिंकलेला तो पहिला आफ्रिकी विद्यार्थी. या काळात ‘ब्रिंग बॅक अवर इंटरनेट’ हा हॅशटॅग देशाबाहेरच्यांनीच अधिक जोरात चालवला. ज्यांचे नेट गेले होते त्यांना तो लिहिताच येत नव्हता, ही साधी गोष्ट आपल्या चटकन लक्षात येत नाही. नेट तोडल्याची तक्रार नेटवरून करता येत नाही. म्हणून बाहेरचा माणूस लागतोच.

पण बाहेरच्या माणसाला पुरावा हवा. नेट बंद आहे असे नुसते म्हणून चालत नाही. तांत्रिक बिघाड होता, केबल तुटली होती, लोकांचा गैरसमज झाला, असे सरकार म्हणू शकते. आणि केबल खरोखरच तुटतातही. मार्च २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळाशी एकाच वेळी चार केबल तुटल्या आणि पश्चिम आफ्रिकेतले अनेक देश अडखळले. मग बिघाड कुठला आणि हुकूम कुठला, हे ठरवायचे कसे?

त्यासाठीच ‘ऊनी’ आहे. नेटवर्कमधल्या अडथळ्यांची ही खुली वेधशाळा २०१२ पासून काम करते. तिचे ॲप कुणीही आपल्या फोनवर घेऊ शकतो. ॲप आपल्या नेटवर्कवरून ठरावीक संकेतस्थळे आणि सेवा उघडून पाहते. त्याच वेळी तीच स्थळे अडवणूक नसलेल्या ठिकाणाहूनही उघडून पाहिली जातात. दोन्ही उत्तरे ताडून पाहिली की फरक दिसतो. पत्ता विचारताना खोटे उत्तर आले, की जोडणी मध्येच तोडली गेली, की उघडलेले पान भलतेच निघाले, हे तारीख, वेळ आणि कंपनीच्या नावासह नोंदले जाते आणि सर्वांसाठी खुले होते. दुसरीकडे अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातला आयोडा हा प्रकल्प बाहेरून पाहतो, देशाचे मार्ग नकाशावर आहेत की गळाले ते. आतून एक फोन, बाहेरून एक संगणक. अर्थात काही देशांत असे ॲप चालवणे अंगाशी येऊ शकते आणि ऊनी ते स्वतःहून सांगते. तरीही लोक चालवतात. झांबियाच्या लुसाका या राजधानीतल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या खिशातला फोन न्यायालयात मांडता येईल अशी नोंद तयार करतो, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

लुसाकाचे नाव घेण्याला कारण आहे. १२ ऑगस्ट २०२१ रोजी झांबियात मतदान सुरू होते आणि व्हॉट्सॲप बंद पडले, पाठोपाठ इतरही सेवा. ऊनीकडच्या नोंदींमध्ये ही अडवणूक दिसली. लिंडा कासोंडे या वकिलांच्या ‘चॅप्टर वन फाउंडेशन’ने लगेच उच्च न्यायालय गाठले आणि दुसऱ्याच दिवशी सेवा पूर्ववत करण्याचा आदेश मिळवला. मार्च २०२२ मध्ये तडजोडीचा निकाल झाला. दूरसंचार नियामकाने कबूल केले, की यापुढे कायद्याबाहेर जाऊन नेट अडवणार नाही आणि खंड पडलाच तर ३६ तासांच्या आत जनतेला कारण सांगेल. छत्तीस तास ही अट वरवर किरकोळ दिसते. पण कारण सांगण्याची सक्ती झाली की कुणाला तरी कागदावर सही करावी लागते, आणि सहीवर पुढे बरेच काही अवलंबून असते.

झांबेझी नदीच्या पलीकडे, झिम्बाब्वेत, अडीच वर्षे आधी सगळे प्रकरण सहीवरच उलटले होते. जानेवारी २०१९ मध्ये इंधन दरवाढीविरुद्ध लोक रस्त्यावर आले आणि नेट बंद झाले. देशातल्या सर्वांत मोठ्या मोबाइल कंपनीने, इकोनेटने, ग्राहकांना उघड कळवले, की आम्हाला सरकारचा लेखी हुकूम आला आहे आणि तो न पाळल्यास तुरुंगवास आहे. ‘मिसा झिम्बाब्वे’ ही माध्यम-स्वातंत्र्य संघटना आणि मानवी हक्कांसाठी लढणारे वकील न्यायालयात गेले. २१ जानेवारीला न्यायमूर्ती ओवेन टागू यांनी निकाल दिला: ज्या मंत्र्याने हुकूम काढला त्याला तसा अधिकारच नाही, या कायद्याचा कारभार राष्ट्राध्यक्षांकडे आहे. अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या मोठ्या प्रश्नात न शिरता, चुकीच्या माणसाची सही या एका मुद्द्यावर देशाचे नेट परत आले.

आता टोगो. खरे तर हा लेख मला टोगोसाठीच लिहायचा होता.

घाना आणि बेनिन यांच्या मधली ही एक अरुंद पट्टी. १९६७ पासून सत्ता एकाच घराण्यात, आधी वडील आणि २००५ पासून मुलगा. सप्टेंबर २०१७ मध्ये हजारो लोक या घराणेशाहीविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि सरकारने नेट तोडले, त्याच महिन्यात दोनदा. देशातल्या न्यायालयाकडून कुणाला फार आशा नव्हती. मग सात संघटना आणि एक पत्रकार यांनी मिळून आपल्या सरकारवर दावा लावला, तोही शेकडो किलोमीटर दूर, नायजेरियाची राजधानी अबूजा इथे, पश्चिम आफ्रिकी देशांच्या इकोवास या संघाच्या न्यायालयात.

या सात संघटना कोणत्या ते पाहण्यासारखे आहे. ॲम्नेस्टीची टोगो शाखा तर होतीच. शिवाय छळाला बळी पडलेल्यांची संघटना होती, छळबंदीसाठी काम करणारे ख्रिस्ती होते, माध्यमांवर काम करणारी संस्था होती, मानवी हक्कांचे शिक्षण देणारी संस्था होती, आणि ग्राहक संघटनाही होती. नेटबंदी हा फक्त संगणकवाल्यांचा विषय नाही, हे या यादीवरूनच कळते. तुरुंगात मारहाण झाल्याची बातमी बाहेर जाणे थांबते, म्हणून छळग्रस्तांची संघटना येते. पैसे भरून घेतलेली सेवा मिळत नाही, म्हणून ग्राहक संघटना येते. त्यांच्या बाजूने लंडनच्या ‘मीडिया डिफेन्स’चे वकील उभे राहिले. डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या ‘ॲक्सेस नाऊ’ या संस्थेच्या पुढाकाराने आणखी काही संस्था न्यायमित्र म्हणून आल्या आणि नेटबंदीचे तंत्र आणि तिची किंमत त्यांनी न्यायालयाला समजावून दिली. फ्रेंचभाषक देशातले फिर्यादी, इंग्रजीभाषक देशातले न्यायालय, आणि कागद दोन्ही भाषांतून ये-जा करणारे.

पण सामान्य माणसांना आंतरराष्ट्रीय न्यायालयात थेट जाता आले कसे? त्यामागे एका व्यापाऱ्याची हकीकत आहे. २००३ मध्ये नायजेरियाने बेनिनची सीमा अचानक बंद केली. बेनिनमध्ये मालाचा सौदा केलेला एक नायजेरियन व्यापारी अडकून पडला. त्याने इकोवास न्यायालयात आपल्याच सरकारविरुद्ध दाद मागितली. न्यायालयाने २००४ मध्ये उत्तर दिले, की इथे देश येऊ शकतात, व्यक्ती नाही. दावा गेला. पण एवढ्या उघड अन्यायाला दार नसावे हे अनेकांना खटकले, न्यायाधीशांनाही, आणि जानेवारी २००५ मध्ये सदस्य देशांनी नियम बदलला. तेव्हापासून मानवी हक्क भंगाची तक्रार घेऊन कुणीही नागरिक थेट अबूजाला जाऊ शकतो. आधी आपल्या देशातली सगळी न्यायालये पालथी घालण्याची अटही नाही. बंद पडलेल्या एका सीमेमुळे उघडलेल्या या दारातून पुढे टोगोचे लोक बंद पडलेले इंटरनेट घेऊन आत गेले.

निकाल २५ जून २०२० रोजी आला. सरकारने राष्ट्रीय सुरक्षेचे कारण पुढे केले होते. न्यायालयाने विचारले, असा अधिकार देणारा तुमच्या देशातला कायदा कोणता? तो दाखवता आला नाही. न्यायालयाने म्हटले, की इंटरनेट मिळणे हा काटेकोर अर्थाने मूलभूत हक्क नसेल. पण अभिव्यक्ती स्वातंत्र्य वापरायला आज ते लागतेच, म्हणून त्या हक्कातून निघालेला हक्क म्हणून त्याला संरक्षण आहे. प्रत्येक फिर्यादीला २० लाख सीएफए फ्रँक, म्हणजे सुमारे तीन हजार युरो, भरपाई द्यायला सांगितले. असे पुन्हा होणार नाही याची हमी मागितली.

पैसे थोडेच होते. पण पश्चिम आफ्रिकेतल्या कुठल्याही वकिलाला आता एक तयार वाक्य मिळाले. नायजेरियाने जून २०२१ मध्ये ट्विटर बंद केले आणि ते सात महिने बंद ठेवले. अनेक संस्थांनी वेगवेगळे दावे लावले, न्यायालयाने ते एकत्र ऐकले आणि जुलै २०२२ मध्ये बंदी बेकायदा ठरवली. पुढच्या वर्षी गिनीच्या ब्लॉगलेखकांच्या संघटनेच्या बाजूने निकाल लागला. २०२५ मध्ये सेनेगलचा नंबर आला. तिथे दावा लावणारी ‘आफ्रिक्टिव्हिस्ट’ ही मुळात साऱ्या खंडातल्या ब्लॉगलेखकांची आणि ऑनलाइन कार्यकर्त्यांची संघटना, डकारमध्ये स्थापन झालेली.

न्यायालयांच्या जोडीला कायद्याचे शब्दही घडत होते. गांबिया या चिमुकल्या देशात नोव्हेंबर २०१६ च्या अखेरीस, मतदानाच्या तोंडावर, नेट बंद केले गेले. तरीही हुकूमशहा याह्या जामे निवडणूक हरले. त्याच गांबियाच्या राजधानीत, बांजुलमध्ये, मानवी हक्कांसाठीच्या आफ्रिकी आयोगाचे मुख्यालय आहे आणि तिथेच नोव्हेंबर २०१९ मध्ये आयोगाने अभिव्यक्ती स्वातंत्र्याची नवी तत्त्वे मंजूर केली. अडतिसावे तत्त्व सांगते, की राज्यांनी इंटरनेट तोडू नये आणि तोडायला संमतीही देऊ नये. हा मजकूर एकट्या आयोगाचा नव्हता. त्याआधी २०१४ मध्ये खंडभरच्या संस्थांनी मिळून इंटरनेटवरील हक्क आणि स्वातंत्र्यांचा आफ्रिकी जाहीरनामा लिहिला होता. अशा कामातून आयोगापुढे भाषा आयती तयार होती. सरकारांचा वेग वेगळा असतो. आफ्रिकी संघाने सायबर सुरक्षा आणि व्यक्तिगत माहिती यांबद्दलचा करार २०१४ मध्ये मलाबो शहरात मंजूर केला, आणि आवश्यक पंधरा देशांची मान्यता जमून तो लागू व्हायला जून २०२३ उजाडला.

ही माणसे भेटतात कुठे? कम्पालातल्या ‘सिपेसा’ या संस्थेने २०१४ मध्ये आफ्रिकेतल्या इंटरनेट स्वातंत्र्यावर पहिली परिषद भरवली. काही वर्षे ती कम्पालातच राहिली. मग आयोजकांनी तिला मुद्दाम फिरती केली: जोहान्सबर्ग, आक्रा, अदिस अबाबा, लुसाका, दार-ए-सलाम, डकार, विंडहूक. नायजेरियातल्या ‘पॅराडाइम इनिशिएटिव्ह’चीही अशीच फिरती परिषद आहे. परिषद ज्या देशात जाते तिथल्या लोकांना विमानाचे तिकीट लागत नाही, हा मोठा फायदा. कारण आफ्रिकी माणसाला आफ्रिकेत फिरणे सोपे नाही. खंडातले सर्वांत श्रीमंत उद्योगपती अलिको डांगोटे यांनी २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितले, की नायजेरियन पासपोर्टवर खंडात फिरायला आपल्याला ३५ व्हिसा लागतात. त्यांची ही गत, तर एखाद्या छोट्या संस्थेतल्या तरुण वकिलाला काय काय सोसावे लागत असेल! तरीही लोक येतात, कारण इथे जे शिकायला मिळते ते पुस्तकात नसते. निवडणुकीच्या आधी काय तयारी ठेवायची, कोणत्या नोंदी न्यायालयात टिकतात, अटक झाली तर कुणाला कळवायचे. घानाच्या फेलिशिया अँथोनियो या ‘कीप इट ऑन’ मोहिमेचे काम पाहतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या मोहिमेत आज शंभराहून अधिक देशांतल्या तीनशेवर संस्था आहेत. निवडणूक जवळ आली, की त्या देशाच्या सरकारला आणि कंपन्यांना या सगळ्यांच्या सह्यांचे पत्र जाते: नेट चालू ठेवा.

सह्यांच्या पत्राने काय होते, असे कुणी विचारील. एक जुने उदाहरण पाहू. इथिओपियात २०१२ मध्ये काही तरुणांनी ‘झोन नाइन’ नावाने ब्लॉग सुरू केला. अदिस अबाबाच्या कालिती तुरुंगाचे आठ विभाग होते. तुरुंगाबाहेरचा देश हा नववा विभाग, असा त्या नावाचा अर्थ. एप्रिल २०१४ मध्ये त्यांच्यापैकी सहा जण आणि तीन पत्रकार पकडले गेले. नायजेरियापासून टांझानियापर्यंतच्या आफ्रिकी ब्लॉगलेखकांनी मग आपापल्या देशांतून त्यांच्या सुटकेसाठी ट्विटरवर दिवसभराची मोहीम चालवली. खटल्याच्या प्रत्येक तारखेची नोंद ठेवणारा वेगळा ब्लॉग निघाला. सुटका व्हायला २०१५ उजाडले आणि ती एकट्या मोहिमेने झाली असे म्हणता येणार नाही. पण दीड वर्ष ती नावे विसरली गेली नाहीत, हे काम बाहेरच्यांनी केले.

नैरोबीतल्या एका खटल्यात ही सगळी कौशल्ये एका कंपनीविरुद्ध वापरलेली दिसतात. इथिओपियातल्या बहिर दार विद्यापीठात मेआरेग अमारे हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते, तिग्राई समाजाचे. यादवी युद्धाच्या काळात फेसबुकवर त्यांचा फोटो टाकून त्यांच्याविरुद्ध विखार पसरवला गेला. मुलाने कंपनीकडे तक्रारी केल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये प्राध्यापकांना त्यांच्या घराबाहेर गोळ्या घातल्या गेल्या. मुलाने डिसेंबर २०२२ मध्ये फेसबुक चालवणाऱ्या मेटा कंपनीवर दावा लावला तो केनियात, कारण आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागांतला मजकूर तपासण्याचे केंद्र नैरोबीत होते. सोबत केनियाची ‘कटिबा इन्स्टिट्यूट’ फिर्यादी झाली, लंडनच्या ‘फॉक्सग्लोव्ह’ने मदत केली. एप्रिल २०२५ मध्ये केनियाच्या उच्च न्यायालयाने सांगितले, की हा खटला आम्ही चालवू शकतो. गुन्हा इथिओपियात, कंपनी कॅलिफोर्नियात, न्यायालय नैरोबीत. त्याच केंद्रात काम केलेल्या डॅनियल मोटाऊंग या दक्षिण आफ्रिकी तरुणानेही तिथल्या कामाच्या परिस्थितीबद्दल नैरोबीतच दावा लावला. १ मे २०२३ रोजी अशा दीडशेवर मजकूर-तपासनीसांनी एकत्र येऊन संघटना करायचे ठरवले. अनेक देशांतून आलेली, आपापल्या भाषांतले क्रूर मजकूर दिवसभर पाहणारी ही मुले होती.

या जाळ्याचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. नुसती केबल म्हणाल तर २००९ पासून सीकॉमची समुद्री केबल मुंबईला मोम्बासा आणि दार-ए-सलामशी जोडतेच. पण मला सांगायची आहे ती वेगळी गोष्ट. आधारचा पहिला क्रमांक सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. केनियाने २०१९ मध्ये ‘हुदुमा नंबा’ नावाची तशीच राष्ट्रीय ओळखयोजना आणली, आणि तिच्याविरुद्ध ‘नुबियन राइट्स फोरम’ न्यायालयात गेले. नुबियन म्हणजे ब्रिटिशांनी सुदानातून सैनिक म्हणून आणलेल्यांचे वंशज. पिढ्यानपिढ्या केनियात राहूनही ओळखपत्रासाठी त्यांना वेगळ्या चौकशीला तोंड द्यावे लागत होते. ओळखपत्राशिवाय काही मिळणार नाही म्हटले की पहिला फटका कुणाला बसणार, हे त्यांना सांगावे लागत नव्हते. त्यांच्या बाजूने आधारचा भारतीय अनुभव सांगायला आनंद वेंकटनारायणन हे तज्ज्ञ साक्षीदार झाले, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या, खासगीपणा आणि आधार यांवरच्या पुट्टस्वामी निकालांची चर्चा नैरोबीच्या न्यायालयात झाली. ३० जानेवारी २०२० च्या निकालाने डीएनए आणि राहत्या जागेचे जीपीएस स्थान घेण्यास मनाई केली, आणि पुरेसे कायदेशीर नियम केल्याशिवाय योजना पुढे नेऊ नका असे बजावले.

हे सगळे जिंकतच चालले आहे, असे मात्र नाही. २०२४ मध्ये आफ्रिकेत १५ देशांत मिळून २१ वेळा नेट तोडले गेल्याची ‘ॲक्सेस नाऊ’ची नोंद आहे. २९ जानेवारी २०२५ रोजी माली, बुर्किना फासो आणि नायजर इकोवासमधून बाहेर पडले आणि तिथल्या नागरिकांच्या हातून अबूजाचे दार निसटले. दक्षिणेकडच्या देशांचे असेच एक न्यायालय झिम्बाब्वेविरुद्ध निकाल दिल्यावर २०१० मध्ये स्थगित केले गेले होते. या संस्थांचा बराच पैसा खंडाबाहेरून येतो. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा अनेकांना काम आखडते घ्यावे लागले. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत नाजूक भाग आहे, आणि खंडातल्या बँका, दूरसंचार कंपन्या आणि धनवंत यांनी हा भार उचलायला हवा.

आपल्याला हे सगळे दूरचे वाटू नये. त्याच २०२४ मध्ये भारतात ८४ वेळा नेट बंद झाले. जगात भारताच्या पुढे एकटा म्यानमार होता. अमरावतीत नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि कोल्हापुरात जून २०२३ मध्ये आपण हे अनुभवले आहे. १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की नेटबंदीचा आदेश प्रसिद्ध केलाच पाहिजे आणि बेमुदत बंदी चालणार नाही. म्हणून पुढच्या वेळी तुमच्या जिल्ह्यात नेट गेले, तर आदेशाची प्रत मागा. कोणत्या नियमाखाली, किती दिवसांसाठी आणि कुणाच्या सहीने, हे तपासा. प्रत मिळाली नाही तर तसे लेखी विचारा, आणि त्या पत्राची पोच जपून ठेवा.